हरवलेल्या बाई सापडल्या आहेत

शेगडी जरा इकडे सरकवा. आणि माझ्या कपात थोडी ओता, कोरड्या घशाने ही गोष्ट सांगवत नाही. हसताय काय? मनची नाही सांगत. आपल्या वाडीचे प्रमुख अमेमिया स्वतः त्यात होते, आणि ज्याच्यावर ती गुदरली त्या नागासेला मी चांगला ओळखतो. गेल्या वर्षी, एकोणतीस नोव्हेंबर, शनिवार.

नागासे आईला घेऊन तोक्योहून एका दिवसासाठी आला होता. आई तोमिएबाई, अठ्ठ्याहत्तरच्या. माणसं विसरत चालल्या होत्या, पण आपल्या कात्सुनुमाचे द्राक्षमळे नव्हत्या विसरल्या. लग्नाआधी इथे तोडणीला यायच्या. हंगाम संपलेला, पाहुणे नाहीत, वेलींवर पिवळी पानं. बाई खुशीत होत्या. दुपारी एका मळ्यातल्या म्हातारीने चहाच्या कपात वाइन ओतून नागासेपुढे ठेवली. वडीलधाऱ्या हाताने ओतलेलं नको कसं म्हणणार? घेतली. आणि पोटात थेंबभर असला तरी गाडी चालवायची नाही. म्हणून तो म्हणाला, आई, उतरेपर्यंत गाडीतच जरा पडू. पडल्या पडल्या त्याचा डोळा लागला.

जागा झाला तेव्हा साडेचार वाजले होते. शेजारची जागा रिकामी.

त्याने मळे पालथे घातले. आपले मांडव हे असे बुटके, सगळं वाकून पळायचं. पाचला अमेमियांनी पोलिसांना फोन केला आणि समाजघरातल्या माईकवरून, वाडीभर खांबांवर लावलेल्या भोंग्यांतून सगळ्यांना कळवलं: राखाडी कोट, जांभळा स्कार्फ, म्हाताऱ्या बाई हरवल्या आहेत. मग समाजघराला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून तेही बॅटरी घेऊन निघाले. आम्ही पंधरा-वीस जण होतो. रात्री पारा दोनवर उतरणार होता. नागासे भेटेल त्याला एकच विचारायचा, एवढ्या थंडीत माणूस किती वेळ टिकतो हो?

सहा वाजून दहा मिनिटांनी भोंगे खरखरले.

"हरवलेल्या बाई सापडल्या आहेत. थंडी फार आहे. सगळ्यांनी घरी जावं. आमच्यामुळे उगाच त्रास झाला..."

बाईचा आवाज. सावकाश. आम्हाला वाटलं, गावच्या मोठ्या कचेरीतून कुणी बोलतंय, तिथूनही हेच भोंगे वाजवता येतात. बॅटऱ्या एकेक करून विझल्या. मीही घरी गेलो आणि गरम पाण्यात बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

नागासे मात्र जागचा हलला नाही. अमेमियांचा दंड धरून म्हणाला, "हा माझ्या आईचा आवाज आहे."

"मग झालं तर," अमेमिया म्हणाले. "माईकपाशीच असणार त्या. चला."

दोघं पळत सुटले. नागासे हसतही होता, रडतही होता. समाजघर अंधारात. कुलूप जसंच्या तसं. अमेमियांनी ते उघडलं, दिवा लावला. आत पायरीशी बायकी बूट. जोडीने ठेवलेले, टोकं दाराकडे वळवून, एखादी रीतीची पाहुणी ठेवते तसे.

"आईचेच," तो म्हणाला.

आता तुम्हीच सांगा. दाराशी बूट, म्हणजे माणूस आत. हे शेंबड्या पोरालाही कळतं. कुलपाचा विचार कोण करतो? दोघांनी घर उपसलं. माईकची खोली. स्वयंपाकघर. गाद्यांचं कपाट. माळा. कुणी नाही.

"आई, रागावलीस का? परत कधी पिणार नाही मी. एकदा ओ दे..."

तो पुन्हा माळ्यावर चढला.

अमेमिया म्हणाले, बाहेर बघू. तो दार सोडेना.

"ती आत आहे. बूट आहेत ना तिचे."

पाऊण तास. जमिनीत बसवलेल्या चटयासुद्धा उचकटल्या त्याने.

मग पोलिसांचा फोन आला, बाई अजून कुणालाच सापडल्या नव्हत्या. कचेरीतून कुणी काही बोललंच नव्हतं... अमेमियांनी पुन्हा माईक धरला. आम्ही ओल्या केसांनी पुन्हा बाहेर पडलो.

आठला सापडल्या. समाजघरापासून दोनशे पावलांवर. मांडवाखाली, खांबाला टेकून बसलेल्या. नागासेने आपला कोट त्यांना पांघरला, त्यांचे हात तोंडाशी धरून फुंकत राहिला. "आई, उठ. निघू या. उतरलीय आता, मी चालवतो गाडी." आम्ही कुणी त्याला थांबवलं नाही. थांबवायला तोंड कुठे होतं आम्हाला? डॉक्टर म्हणाले, साडेपाचच्या आधीच गेल्यात.

साडेपाच. आणि भोंगा वाजला सहा-दहाला...

तेही मी सोडून दिलं असतं. डॉक्टरांचाही अंदाज चुकतो. पण आदल्या रात्रीच्या पावसाने मळ्याचा चिखल झाला होता, आम्ही सगळे घोट्यापर्यंत भरलो होतो. तोमिएबाईंच्या पायांत बूट नव्हते. नुसते पांढरे मोजे. बूट समाजघरात काढून इथवर चालत आल्या असत्या, तर तेही चिखलाने भरले असते. मी बॅटरी जवळ नेली.

तळवे पांढरेशुभ्र होते. कोरडे...