मागे पायरी आहे

या, जरा जवळ सरकून बसा. लांबून ऐकायची ही गोष्ट नाही. देवाने माणसाला दोन्ही डोळे पुढच्या बाजूला दिले, पाठीला एकही नाही. त्याच्याकडे डोळे कमी पडले होते का? छे! आपल्या पाठीमागचं आपल्याला दुसऱ्याने सांगावं, एवढीच त्या दयाळूची इच्छा. कशी, ते सांगते. ऐका.

कोवळ्या उन्हात विद्यापीठाच्या फाटकाशी मुलामुलींचा घोळका जमला होता. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठ आतून बघून घ्यायचा तो दिवस. त्या घोळक्यात होती बारकी. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून नाव पडलं बारकी; आता उंचीने ती मावशीच्याही वर गेली होती, पण नाव काही वाढलं नव्हतं. मावशी सोबत होतीच. तिचं कपडे शिवायचं दुकान. माणूस भेटला की आधी शिवण बघायची, मग तोंड.

बारकीला दोन विद्यापीठांनी बोलावलं होतं. एक हे, घरापासून बसने दोन तासांवर. दुसरं लांब, आगगाडीत अख्खी रात्र काढावी लागेल इतकं. दोन्हींपैकी एकाला आज संध्याकाळपर्यंत मोबाईलवरून होकार कळवायचा होता. घरचे सगळे म्हणत होते, जवळचं घे. बाबा मात्र काहीच म्हणत नव्हते. छापखान्यातल्या मशीनांनी त्यांचे कान नेले होते. कानाला लावायचं यंत्र आणलं, ते आठवड्यात टेबलाच्या खणात गेलं. "सगळेच आवाज एकदम अंगावर येतात गं," ते म्हणाले होते, "त्या गर्दीत तुझा सापडत नाही." गर्दीतून हवा तो आवाज वेचून देणारं यंत्र बनवायचं, हे बारकीने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

"नमस्कार मंडळी! आज मी तुमचा वाटाड्या."

पिवळ्या जाकिटातला एक मुलगा पुढे आला. हसला. आणि सगळ्यांकडे तोंड करून चक्क उलटा चालायला लागला! बोलणं झोकात, हातवारे झोकात... आणि पाठीमागे दिव्याचा खांब.

"खांब!" बारकी ओरडली.

तो जागच्या जागी थिजला. डोकं आणि खांब यांच्यात चार बोटांचं अंतर.

"वाचलो! तुम्ही... अशाच पुढे राहता का जरा?"

"का? हे काम फुकटात करायचं?"

"चहा पाजतो."

"मागे पायरी आहे," ती म्हणाली. "एका चहात एवढंच बसतं."

घोळका हसला. त्याचे कान लाल झाले. पण पुढचा सगळा वेळ तो ग्रंथालय, मैदान, वसतिगृह दाखवत उलटा चालत राहिला, आणि ती त्याच्या समोर चालत राहिली. "डावीकडे सायकल." "मागे उतार." "माळीकाका पाण्याचा पाइप ओढत नेतायत, पाय उचला." तो न वळता पाय उचलायचा. एकदाही खात्री करून घेतली नाही त्याने. झाडांखालून जाताना वाऱ्याने पानं भिरभिरली, एक तिच्या केसात अडकलं. त्याचा हात वर आला... आणि आपल्याच खिशात गेला.

"हा उलटपावल्या बोलतो गोड," मावशी कुजबुजली, "पण बटण लोंबतंय त्याचं."

"मावशी, तू बटणं बघ."

"मी बटणच बघतेय. तू काय बघतेयस?"

कॅन्टीनमध्ये कबूल केलेला चहा आला. मावशीने पर्समधून सुई काढली. "जाकीट काढ रे बाळा. लालच दोरा आहे, चालेल?"

"धावेल, मावशी!"

मावशी पिवळ्या कापडावर लाल टाके घालत बसली. तो बारकीसमोर बसला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तिला शिकायचं होतं त्याच ध्वनिशास्त्राचा तो निघाला, शेवटच्या वर्षाला. बाबांचं आणि त्या लांबच्या विद्यापीठाचं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तुला ते यंत्र आवाजबंद खोलीतच तपासावं लागणार."

"हो ना! इथे आहे ना तशी? माहितीपत्रकात फोटो होता."

तो चहात बघत राहिला.

खिडकीतून ऊन येत होतं, घर दोन तासांवर होतं, आणि समोर... समोर हा होता. अजून काय हवं? तिने मोबाईल काढला. "ठरलं माझं. इथेच!" अंगठा होकारावर टेकणार—

"थांब!"

त्याने तिच्या मोबाईलवर आपला तळवा आडवा धरला होता. "आधी एक दार बघ. पाहुण्यांना तिकडे न्यायचं नाही, असं आम्हाला सांगितलंय. पण तू चल."

लांब बोळ, टोकाला जाड दार. त्याने ते ढकललं. आत भिंतीभर स्पंजचे सुळके, खरीखुरी आवाजबंद खोली. आणि जमिनीपासून छतापर्यंत... खुर्च्या! एकावर एक रचलेल्या, धुळीने माखलेल्या खुर्च्या.

"समारंभाच्या आहेत," तो म्हणाला. "मी आलो तेव्हापासून इथेच आहेत. दरवर्षी सांगतात, हलवतो. मला माझा प्रयोग करायला तुझ्या त्या लांबच्या विद्यापीठात जावं लागलं. तिथली खोली रिकामी असते. रोज वापरतात."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंही होतं. "सकाळपासून का नाही सांगितलंस?"

"सकाळी माझं काम होतं हे विद्यापीठ छान दाखवायचं. आणि नंतर... नंतर मलाच वाटायला लागलं, तू इथे यावंस. मग तर जीभच उचलेना."

"मी तिकडे गेले तर तुला काय मिळणार?"

"काही नाही."

"मग कशाला दाखवलंस?"

"तू एवढा वेळ माझ्या पाठीमागचं बघितलंस," तो हळूच म्हणाला. "मी एकदा तुझ्या पुढचं बघितलं, एवढंच."

बारकी त्या खुर्च्यांकडे बघत उभी राहिली. मग बाबांचा तो खण तिच्या डोळ्यांपुढे आला. तिने मोबाईल उघडला आणि त्याच्या देखत लांबच्या विद्यापीठाला होकार दिला. मन कसं लख्ख झालं होतं!

बसथांब्यावर मावशी मुद्दाम चार पावलं लांब, वेळापत्रक वाचत उभी राहिली.

"पुढच्या वर्षी मलाही निवडायचंय," तो म्हणाला. "पुढच्या शिक्षणासाठी."

"खोली बघून निवड हं. मला बघून नाही."

"आणि त्या खोलीत तू असलीस तर?"

ती लाजली, हसली, बसमध्ये चढली. मागच्या काचेतून बघते तर तो फाटकाकडे परत चालला होता... उलटा! तोंड बसकडे, हात हलवत. "खांब!" ती काचेआडून ओरडली. काचेपलीकडे काय ऐकू जाणार? टण्णकन आपटला. डोकं चोळत पुन्हा हात हलवायला लागला. मावशी हसून हसून बेजार.

वर्ष गेलं. फोन रोज व्हायचा. प्रयोग, परीक्षा, भांडणं, सगळं बोलून व्हायचं. कुठलं विद्यापीठ निवडलं, तेवढं मात्र तो सांगेना.

आणि मग त्या लांबच्या विद्यापीठात नव्यांना सगळं दाखवायचा दिवस आला. तिथल्या वाटाड्यांचं तसंच पिवळं जाकीट आता बारकीच्या अंगात. नव्या मुलांकडे तोंड करून ती उलटी चालत होती, रंगात येऊन सांगत होती, "आता आपण अशी खोली बघू, जिचं दार आम्ही कुणापासूनच लपवत—"

"मागे पायरी आहे!"

घोळक्याच्या शेवटून आवाज आला. एवढ्या गलक्यात तिला तो एकच आवाज ऐकू आला. तिने न वळता पाय उचलला, पायरी चढली आणि मान उंचावून पाहिलं. हातात बॅग, चेहऱ्यावर तेच हसू, अंगातल्या त्याच जुन्या जाकिटाला लाल दोऱ्याचं बटण.

"खोली बघून आलास ना?" तिने सगळ्यांसमोर विचारलं. आवाज जरा ओलाच होता.

"आधी खोली बघितली. आवडली," तो म्हणाला. "आता खरं सांगू?"

"सांग."

"खोली नसती तरी आलो असतो!"

मुलांनी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्यांत ती पायरी उतरून कधी त्याच्यापाशी गेली, कुणी पाहिलंच नाही.

तर माझ्या लाडक्यांनो, एवढंच मागते. उद्या तुम्हालाही कुठलं ना कुठलं दार निवडावं लागेल. तेव्हा त्या पिवळ्या जाकिटातल्या पोराची आठवण ठेवा. तिने जवळ राहावं असं ज्याला मनापासून वाटत होतं, त्यानेच तिला खुर्च्यांनी भरलेली खोली उघडून दाखवली. त्याला विसरू नका.