लाल काच डावीकडे

“अरे, यान वर यायला हवं ना? हे तर खड्ड्यात चाललंय!” दादा ओरडला.

सुट्टी लागल्या लागल्या चिमणी, तिचा दादा आणि शेजारचा चष्मिस छापखान्यात धावले होते. चिमणीच्या आईचं शेवटचं पुस्तक छापून झालं होतं. आई मुलांसाठी अंतराळातल्या साहसांची चित्रं काढायची. पुठ्ठ्याचा लाल-निळा चष्मा लावला, की ग्रह आणि यानं थेट नाकापर्यंत यायची! हे पुस्तक तिनं अंथरुणात बसून पुरं केलं आणि दोन महिन्यांनी ती गेली.

चिमणीनं चष्मा लावला. चंद्र कागदात रुतला होता. अंतराळवीर विहिरीत पडल्यासारखा दिसत होता.

“आजारपणात बाईंचा हात चुकला असणार,” व्यवस्थापक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. “उद्या सगळे गठ्ठे रद्दीत.”

“माझी आई चुकत नाही!” चिमणी म्हणाली.

“प्रत्येकालाच असं वाटतं, बाळ.”

चिमणीनं पुस्तक आणि पुठ्ठ्याचा चष्मा उचलला. दादानं तिचा हात धरून तिला बाहेर नेलं.

पायरीवर चष्मिसनं पुन्हा पुस्तक उघडलं. स्वतःच्या चष्म्यामुळे पुठ्ठ्याच्या काड्या कानांवर बसेनात, म्हणून त्यानं तो चष्मा हातानंच डोळ्यांपुढे धरला.

“आईशप्पथ! यान माझ्या नाकावर आलं!”

“शहाण्या, उलटा धरलायस तू!” दादा म्हणाला आणि थबकला. “उलटा! म्हणजे डावी काच उजवीकडे गेली!”

आईचा स्वतःचा चष्मा बघायला तिघंही घरी पळाले. आईच्या टेबलाचा खण ती गेल्यापासून कुणी उघडला नव्हता. चिमणीनं तो ओढला. रंगांचा ओळखीचा वास आला. क्षणभर तिला आत हात घालवेना. मग तिनं आईचा चष्मा बाहेर काढला. काडीवर आईचं अक्षर होतं : ‘लाल डावीकडेच!’ छापखान्यातल्या चष्म्यांना मात्र लाल काच उजवीकडे होती.

मुलं छापखान्यात परतल्यावर व्यवस्थापकांनी दोन्ही चष्मे आळीपाळीनं लावून पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कपाटातून एक बंद पाकीट काढलं. आईनंच पाठवलेलं.

“यात चष्म्याचा नमुना होता,” ते पुटपुटले. “मी उघडलंच नाही. अंदाजानंच काचा चिकटवायला सांगितल्या.”

“म्हणजे चित्रं बरोबर आहेत ना, काका?” चष्मिसनं विचारलं.

“एकदम बरोबर. चष्मे नवे करू, एकही पुस्तक रद्दीत जाणार नाही. शाबास, पोरांनो! खरं तर तुमच्या आईची माफी मागायला हवी मी.”

“मग मागा,” चिमणी म्हणाली.

ते खुर्चीतून उठले. पण कुणाकडे बघून मागायची, ते त्यांना कळेना. चिमणीनं पुस्तक पालथं करून मागच्या पानावरचा आईचा फोटो त्यांच्यासमोर धरला.

“चूक माझी होती, बाई,” ते म्हणाले.

आई गेली त्या दिवसापासून दादाच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं. आता तो गठ्ठ्यांमागे तोंड लपवून हुंदके देत होता. चिमणी त्याच्याजवळ जाऊन बसली.