इन्स्पेक्टरला तो टोस्ट मी भरवला नाही

हे खरं आहे.

भुताच्या अनुभवांच्या या पेजवर सगळेच असं म्हणतात आणि चौथ्या ओळीत पांढऱ्या कपड्यांतली बाई आणतात, हे मला माहीत आहे. माझ्याकडे तशी बाई नाही. अमावस्याही नाही. रविवार होता. सकाळचे साडेदहा. लख्ख ऊन. जागा म्हणजे ताईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर. खाली लाँड्रीची मशीन घरघरत होती. भुतंसुद्धा कामाच्या वेळा पाळत असतील, असा माझा तोपर्यंत समज होता.

घरात आम्ही तिघं. ताई नर्स आहे, तेव्हा तिला रात्रपाळी होती. भाऊजी जहाजावर, म्हणजे असून नसल्यासारखे. रात्री भाचीजवळ कोणीतरी हवं म्हणून मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. मला नोकरी नव्हती हे दुसरं कारण, पण ते आम्ही पाहुण्यांना सांगत नसू.

भाची सात वर्षांची. आम्ही तिला इन्स्पेक्टर म्हणतो. तिला अंडं आणि दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट दुखतं असं नाही. घसा सुजतो. श्वास बंद होतो.

त्यामुळे घरात काहीही शिजलं की ती करणाऱ्यासमोर उभी राहते आणि विचारते, "यात काय?"

करणाऱ्याने एकेक नाव घ्यायचं. मगच ती घास घेते. हा घरातला पहिला नियम.

दुसरा नियम असा, की तिला बाधेल असं काही चुकून घरात आलंच, तर ते घरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. त्याच मिनिटाला खाली नेऊन फेकायचं.

या दुसऱ्या नियमाने माझा घात केला.

आता हेडबाई. या भाऊजींच्या आत्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्तीनंतर इथेच राहायच्या. हातात कायम लाल पेन. माझ्या नोकरीच्या अर्जातल्या अकरा चुका त्यांनी न विचारता काढून दिल्या होत्या. नोकरी मिळाली नाही, पण अर्ज शुद्ध होता.

अ‍ॅलर्जी वगैरे त्यांना मान्य नव्हतं. "आमच्या वेळी नव्हती ही थेरं. लाडावून ठेवलंय पोरीला." दोन वर्षांपूर्वी त्यांनी इन्स्पेक्टरच्या पॅनकेकमध्ये गुपचूप एक अंडं फोडलं. पोर तीन दिवस हॉस्पिटलात. हेडबाई तिला भेटायला आल्या आणि पलंगाशी उभं राहून म्हणाल्या, "प्रमाण चुकलं. हळूहळू वाढवायला हवं होतं."

ताईने त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी केली.

त्यांनी ती पाळली. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकली आणि आत बघत बसल्या. रोज. आठ महिने.

त्या खुर्चीतच गेल्या.

तर त्या रविवारी इन्स्पेक्टरला फ्रेंच टोस्ट हवा होता. "वर्गात सगळ्यांनी खाल्लाय, मामा. मी एकटीच राहिलेय." असं म्हटल्यावर माणूस काय करणार? मी ठरवलं, अंड्याशिवाय, दुधाशिवाय आणि तोही सारण भरलेला टोस्ट करायचा. व्हीगन स्टफ्ड फ्रेंच टोस्ट. नावावरूनच कळतं की यातलं काहीच मला येत नव्हतं.

ताई आठला ड्यूटीवरून आली. झोपायला जाताना म्हणाली, "बाराच्या आत मला उठवलंस तर याद राख. आणि भांडी आपट कमी."

"घर जळलं तर उठवू का?"

"आधी स्वतः विझवून बघ."

मी कामाला लागलो. बिनअंड्याचा, बिनदुधाचा अख्खा ब्रेड आणला होता. दोन बोटं जाड काप काढले. प्रत्येकाच्या कडेला सुरी घालून खिसा केला. भिजवलेले काजू लिंबाच्या रसात वाटले, त्यात स्ट्रॉबेरी कालवली, ते खिशात भरलं. टोस्ट बुडवायला एका वाडग्यात बेसन, ओटचं दूध, जवसाची पूड, दालचिनी. ही सगळी कृती मी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून फ्रिजला लावली होती.

इन्स्पेक्टर बाहेरच्या खोलीत चित्र रंगवत होती.

मी तवा तापत ठेवला. वाडग्याकडे पाठ केली.

आणि...

टक.

वाडग्याच्या काठावर काहीतरी कडक आपटल्याचा आवाज. हलका. सराईत.

मी वळलो. कोणी नाही. म्हटलं, तवा तापल्यावर आवाज करतो. तवा माझ्यासमोर होता आणि आवाज मागून आला होता. पण माणसाने तव्याला बोलायची संधी द्यावी.

टक.

हा आवाज सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक स्वयंपाकघरात रोज येतो.

आमच्या स्वयंपाकघरात दोन वर्षांत आला नव्हता.

मी वाडग्यात पाहिलं. मघाशी ते मिश्रण चिखलासारखं होतं. आता पिवळंधमक, गुळगुळीत, चकचकीत. माझ्या हातून इतकं सुंदर काही आजवर घडलेलं नाही. मी चमचा वर उचलला आणि...

त्याला पांढरट, बुळबुळीत तार सुटली.

बेसनाला तार सुटत नाही.

कच्च्या अंड्याचा वास नाकात शिरला. मी मागे सरकलो, पाठ फ्रिजला लागली, आणि माझा कागद दिसला.

'जवस - दोन चमचे' यावर लाल काट मारलेली. बाजूला लाल अक्षरात 'अंडी - २'.

खाली शेरा. 'पुन्हा करून दाखवा.'

मी बोट लावलं. शाई ओली होती.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. मला वाटायचं ही नुसती म्हण आहे.

"हेडबाई," मी म्हणालो. "हेडबाई, तुम्हाला आत यायला बंदी आहे."

मेलेल्या बाईला मी नियम सांगत होतो. पण त्या आयुष्यभर नियमांनीच चालल्या होत्या, म्हणून म्हटलं, बघू.

उत्तर आलं. दाराबाहेर फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज... करर्र.

ती खुर्ची ताईने कधीच देऊन टाकली होती.

आता शहाण्या माणसाने काय करावं? ताईला उठवावं. मी दुसरा नियम पाळला. वाडगा, चमचा, भरलेले काप, सगळं एका पिशवीत कोंबलं. गॅस बंद केला. बाहेर येऊन इन्स्पेक्टरला म्हणालो, "कशालाही हात लावायचा नाही. मी खाली जाऊन आलोच."

"टोस्ट?"

"नापास झाला. परत करतो."

"किती मिनिटं?"

"तीन."

दार उघडंच राहावं म्हणून फटीत माझी चप्पल अडकवली आणि अनवाणी तीन मजले उतरलो. पिशवी कचऱ्याच्या मोठ्या डब्यात फेकली. धावत वर आलो. खरंच तीन मिनिटं लागली असतील.

चप्पल दाराबाहेर होती. पायपुसण्यावर, सरळ रेषेत, जोडीच्या चपलेशेजारी मांडून ठेवलेली.

दार बंद. आतून कडी.

मी बेलकडे हात नेला, तेवढ्यात आतून इन्स्पेक्टरचा आवाज आला.

"यात काय?"

आणि कोणीतरी उत्तर दिलं...

"बेसन. ओटचं दूध. जवस. दालचिनी."

तो माझा आवाज होता.

माझाच. जरा नाकातला, शेवटी खाली पडणारा. मी तो फोनवर रेकॉर्ड झालेला ऐकलाय, मला आवडत नाही, त्यामुळे चूक होणं शक्य नाही.

"अंडं?"

"नाही."

"दूध?"

"नाही."

"नक्की ना, मामा?"

"मोठ्यांना उलट विचारू नये. तोंड उघड. मोठं उघड."

मी असं बोलत नाही. आवाज माझा होता, पण त्यात एकही विनोद नव्हता.

मी दारावर लाथा घातल्या. "थुंक! इन्स्पेक्टर, थुंकून टाक! तो मी नाही!" बेल दाबून धरली. शेजारचं दार किलकिलं झालं आणि पटकन बंद झालं.

कडी निघाली. दारात ताई, केस पिंजारलेले.

"काय लावलंयस? अरे, मेलेले उठतील!"

मी तिला ढकलून आत गेलो.

इन्स्पेक्टर टेबलाशी बसली होती. समोर बशीत एक टोस्ट. सोनेरी, फुगलेला. चारी कडा चिमटीने दाबून बंद केलेल्या, एकसारख्या, जणू पट्टी लावून. मी कडा दाबल्या नव्हत्या. मला येतच नाहीत. एका कोपऱ्याचा घास गेलेला.

तिचे ओठ सुजले होते. ती गळ्याला हात लावून माझ्याकडे बघत होती. घाबरून नाही. रागाने. मी तिला फसवलं होतं ना.

पुढचं सगळं ताईने केलं. अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनचं पेन काढून मांडीत खुपसलं, तिला आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. मी भिंतीला टेकून उभा होतो. गॅस बंद होता. तवा गार होता, मी हात लावून पाहिला. सिंकमध्ये अंड्याची टरफलं होती, धुऊन, एकात एक बसवून ठेवलेली.

इन्स्पेक्टर वाचली. संध्याकाळी ती सरळ श्वास घेऊ लागली, तेव्हा ताई बाहेर पॅसेजमध्ये आली.

"अंडी कुठून आणलीस?"

"मी नाही आणली."

"मग खाली कशाला गेला होतास?"

"फेकायला."

"काय फेकायला?"

खोटं बोलायला हवं होतं.

"अंडं."

"म्हणजे होतं."

"होतं, पण मी... ताई, हेडबाईंनी घातलं. त्या आत होत्या. त्या माझ्या आवाजात..."

तिने मुस्कटात मारली. हॉस्पिटलातले दोन जण थांबून बघत राहिले. लहानपणापासून आम्ही खूप मारामाऱ्या केल्या, पण ताईने असं कधी मारलं नव्हतं.

"मेलेल्या बाईवर ढकलतोस? पोरगी सांगतेय, मामाने भरवलं. मांडीवर बसवून भरवलं. तुला सगळं आयुष्य गंमत वाटते ना? निघ."

सामान घ्यायला गेलो तेव्हा फ्रिजवरचा कागद पाहिला. स्वच्छ. माझंच अक्षर, जवस दोन चमचे. लाल टिपूससुद्धा नाही. माझ्या बोटाला मात्र लाल डाग होता. चार दिवस निघाला नाही. मी फोटो काढून ताईला पाठवला.

उत्तर आलं, 'स्ट्रॉबेरी.'

त्यानंतर तिने माझा नंबर बंद केला.

याला तीन आठवडे झाले. मी आता दुसऱ्या शहरात मित्राच्या खोलीवर राहतो. इथून ताईचं घर बसने चार तास. ताईने रात्रपाळी सोडली. सगळं बरं चाललंय असं कानावर होतं. मीही स्वतःला समजावत होतो की झोप कमी झाली असेल, काहीतरी भास झाला असेल.

आज सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. इन्स्पेक्टर होती. मैत्रिणीकडे खेळायला गेली होती, तिच्या आईच्या फोनवरून बोलत होती.

"मामा, मी आईला नाही सांगितलं हं."

"काय नाही सांगितलं?"

"तू रोज सकाळी येतोस ते. आई उठायच्या आधी."

मी फोन कानाला घट्ट दाबला.

"मी माफ केलंय तुला," ती म्हणाली. "पण तू पहिल्यासारखा हसवत नाहीस. नुसता पाढे विचारतोस."

"मी... मी तुला काही खायला देतो का?"

"अजून नाही. तूच म्हणालास ना, रविवारी परत करू म्हणून."

आज शनिवार आहे.

मी तिला ओरडून सांगितलं, की तो मी नाही, काही खाऊ नकोस. ती म्हणाली, "तू तसं म्हणशील, हे पण तू सांगितलंयस." मग मैत्रिणीच्या आईने फोन घेतला. मी निरोप द्यायला सांगितला, तर म्हणाली, दुसऱ्यांच्या घरच्या भानगडीत मी पडत नाही. ताईच्या हॉस्पिटलात फोन केला, तिथे माझं नाव सांगितल्याबरोबर ठेवून दिला. भाऊजींच्या जहाजाला रेंज नाही.

ताई हे पेज वाचते. दुपारच्या सुट्टीत, डबा खाताना. ही सवय तिला मीच लावली. म्हणून इथे लिहितोय. बाकीच्यांना खरं वाटलं नाही तरी चालेल.

ताई, मी आताच्या बसने निघतोय. येऊन तुझ्या दाराबाहेर पायरीवर बसून राहीन. तुला उघडायचं नसेल तर उघडू नकोस. शिव्या दे, पोलीस बोलाव, काहीही कर. फक्त आज रात्री तिला तुझ्या कुशीत झोपव आणि सकाळी तुझ्याआधी उठू देऊ नकोस.

मी बेल वाजवणार नाही. दार ठोकणार नाही. तोंडातून एक शब्द काढणार नाही.

घरात माझ्या आवाजात जो हाक मारेल, तो मी नाही.