थोरवस्तीचं बटण

आयती वीज कुणी नको म्हणतं का? पण मंगळावरच्या सहा छोट्या वस्त्या चक्क नको म्हणत होत्या, आणि दहा वर्षांची शलाका थेट वीजघराकडे धावत सुटली होती. धुळीचं वादळ बारा दिवस सूर्य झाकणार होतं. तिचे बाबा बर्फ खणायला त्यातल्याच गेरूवाडीत गेलेले. तिथे सगळी भिस्त सौरपट्ट्यांवर (उन्हापासून वीज करणाऱ्या तावदानांवर). ऊन गेलं की साठवलेली वीज पुरणार जेमतेम सहा दिवस. मग हवा शुद्ध करणारं यंत्रही बंद!

"अणुवीजघर फक्त आपल्या थोरवस्तीत आहे. तारासुद्धा सगळीकडे टाकल्यात. मग ते वीज घेत का नाहीत?" तिनं वैदेहीआत्याला विचारलं. आत्या वीजघराची मुख्य शास्त्रज्ञ, शिवाय सात वस्त्यांच्या सहकार संघात (शेजाऱ्यांनी समाईक कामांसाठी केलेल्या संघटनेत) थोरवस्तीची प्रतिनिधी.

"गेल्या वर्षी बर्फावरून भांडण झालं, तेव्हा आपण रागानं त्यांची वीज तोडली. एकच दिवस गं! पण तेव्हापासून त्यांचा आपल्यावरचा भरवसाच उडाला."

शलाकाला आपला कॅरम आठवला. तिच्या इमारतीत कॅरम होता तो तिच्या एकटीकडे. हरायला लागली की बाईसाहेब बोर्ड उचलून घरी! शेवटी पोरं खेळायला यायचीच बंद झाली. मग तिनं बोर्डच शेजारच्या नचिकेतच्या घरी नेऊन ठेवला, तेव्हा कुठे डाव पुन्हा रंगले. हे सांगताना तिचे कान लाल झाले, पण तिनं सांगितलं.

आत्या ताडकन उठली. "खरंय! थोरल्याशिवाय संघ चालत नाही, कारण वीजघर बांधायची ऐपत त्याचीच. पण थोरल्याच्या धाकातही तो चालत नाही. थोरल्यानं द्यायचं जास्त, आणि हात मात्र स्वतःचेच बांधून घ्यायचे."

थोरवस्तीच्या पंचांना पटवायला तिला अख्खी सकाळ लागली. मग तिनं गेरूवाडीच्या प्रमुख यमुनाकाकूंना पडद्यावर गाठलं.

"काकू, वीजघराचं मुख्य बटण आता तुमच्या गेरूवाडीत. आमच्या घरांची वीजही त्यातूनच येणार."

"आणि उद्या परत तुमचं डोकं फिरलं तर?"

"तर तुमच्याबरोबर आम्हीपण अंधारात."

काकू वर्षभरात पहिल्यांदा हसल्या. "मग जोडा तारा!"

वादळाच्या सातव्या दिवशी बाबा पडद्यावर दिसले आणि शलाकाचा जीव भांड्यात पडला. सातही वस्त्या आता मिळून पाण्याची नळवाट आखताहेत, असं ते उत्साहानं सांगत होते. मग म्हणाले, "पण गंमत बघ, इथल्या पाटीवर लिहिलंय, 'वीज : गेरूवाडी केंद्र'. आपल्या थोरवस्तीचं नावसुद्धा नाही!"

"नसू दे," शलाका डोळे पुसत म्हणाली. "हवा येतेय ना, बाबा?"