वॉशिंग मशीनच्या मागचं ‘पर्ण’

“जरा दोन मिनिटं मिळतील?”

चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या दाराशी उभी राहून मी सकाळपासून तेच विचारत होते. गळ्यात सर्व्हे कंपनीचं ओळखपत्र, हातात फॉर्म आणि समोर इलेक्ट्रॉनिक्सचं भलंमोठं दुकान. लोक माझ्याकडे न बघताच आत शिरत होते. एक तरुण मात्र पाण्याची बाटली घेऊन धावत चालला होता, तरी थांबला.

“ई-बुक रीडर म्हटलं की कोणतं नाव आठवतं?”

त्याने पटकन सांगितलं. सगळे सांगत होते तेच... दुकानाच्या दारातच जिचा झगमगता काउंटर होता, त्या मोठ्या कंपनीचं. मी लिहून घेतलं आणि मग त्याच्या शर्टाकडे लक्ष गेलं. खिशावर ‘पर्ण’ असं छापलेलं होतं.

“हे काय?”

“हाही ई-बुक रीडरच,” तो ओशाळला. “मीच विकतो. पण काय करू... पगार इकडचा आणि आठवण तिकडची!”

मला इतकं हसू आलं, की पुढची चार माणसं हातची गेली.

‘पर्ण’चं टेबल पार मागे, वॉशिंग मशीनच्या रांगेआड होतं. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे गेले — कामासाठीच, असं स्वतःला बजावत.

“धरून तर बघा.” त्याने यंत्र माझ्या हातात दिलं. अक्षर मोठं केलं, अजून मोठं केलं. बोटाला बोट लागलं... आणि आम्ही दोघंही पडद्याकडेच बघत राहिलो.

“एवढं मोठं कशाला?”

“तुम्हाला नको. पण घरात असेल ना कुणीतरी, चष्मा पुसून पुसून कंटाळलेलं?”

होते. माझे बाबा. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी पुस्तकं कपाटात ठेवली, ती पुन्हा काढलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन गेले. त्याने स्टूल पुढे सरकवलं, “बसा काका,” म्हणाला आणि एक शब्दही जास्त न बोलता बाजूला झाला. बाबा पाऊण तास वाचत होते. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो माझ्याकडेच बघत होता.

“हे आधी कसं माहीत नव्हतं गं आपल्याला?” बाबांनी विचारलं.

“दिसलंच नाही ना कुठे,” मी म्हटलं.

आठवडा संपला. चारशे लोकांपैकी फक्त नऊ जणांना ‘पर्ण’ ठाऊक होतं. सर्व्हे ‘पर्ण’च्याच कंपनीने करवला होता; नाव ओळखणारे वीसही निघाले नाहीत, तर ती इथलं टेबल उचलणार आणि त्याची बदली होणार, हे त्याने मला सांगितलं होतं. माझं पेन एका कोऱ्या चौकटीवर घुटमळलं. ते त्याने पाहिलं.

“नको,” तो हळूच म्हणाला. “खोट्या खुणांवर मला उभं राहता येणार नाही. आणि तुझ्या... तुमच्या हाताने तर नकोच.”

मी आकडा खरा लिहिला. पण दोन दिवस जास्त थांबून, दुकानातून बाहेर पडणाऱ्यांनाही विचारलं. ज्यांनी ‘पर्ण’ हातात धरलं होतं, त्या सगळ्यांना नाव आठवत होतं. अहवालाच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं — वस्तू चांगली आहे, जागा वाईट आहे.

‘पर्ण’च्या कंपनीला ते पटलं. म्हणून पाच तासांवरच्या एका शहरात त्यांनी थेट दुकानाच्या दारातली जागा घेतली. तिथे माणूसही ठरला. तोच. इथलं टेबल मात्र उचललं.

“म्हणजे मीच तुम्हाला इथून घालवलं,” मी म्हटलं. तो खोक्यात वायरी भरत होता.

“दिवसभर अनोळखी लोकांना पटवतो मी,” तो खाली बघतच म्हणाला. “आणि तुमच्यासमोर...”

“पटवता येत नाही?”

“तोंडातून शब्दच फुटत नाही.”

मग मीच धीर केला. “रविवारी घरी या.”

“काकांना भेटायला?”

“आईलाही. तिला सांगितलंय मी... की मला एकजण आवडलाय. पाच तास लांब चाललाय, पण दर सुट्टीला येईल.”

“येईन?”

“येशील.”

तो कानापर्यंत लाल झाला. “मग... आज येऊ?”

“आज बुधवार आहे!”

“माहितीये. पण रविवारपर्यंत दम कुणाला आहे?”

मी घरी फोन लावला. “आई, रविवारचा पाहुणा आजच येतोय गं.”

“अगं बाई! घरात केवढा पसारा पडलाय!” आई एवढ्या मोठ्याने ओरडली, की त्यालाही ऐकू गेलं.

“पसारा चालेल म्हणावं,” तो म्हणाला, आणि खोकं काखोटीला मारून माझ्याआधीच लिफ्टकडे निघाला.