खर्जाला एक, टिपेला एक

"हात काढा," ती म्हणाली.

"तुम्ही आधी काढा," तो म्हणाला.

बाहेर सकाळपासून नुसती रिपरिप. आत, जुन्या टेप-रेडिओच्या त्या कोंदट दुकानात, एकाच पॉवर अ‍ॅम्प्लिफायरवर दोघांचे हात. काळं, जाडजूड, धूळ खात पडलेलं खोकं ते. आणि दोघंही असे धरून बसलेले की सोडलं तर पळून जाईल!

"याचा जोडीदार माझ्या घरी आहे," ती ठसक्यात म्हणाली. "अगदी हाच."

"काय सांगता! माझ्याही घरी आहे."

"भांडा बापड्यांनो," काउंटरमागून दुकानदार काका म्हणाले. "तुमचं मिटेपर्यंत मी चहा पितो. पण बाई, जरा जपून हं. हे आमचे कानसेन. नाटकाच्या थिएटरात साउंड सांभाळतात. टाचणी पडली तरी कुठल्या कोपऱ्यात पडली ते सांगतील."

कानसेन हसला नाही. मान किंचित वळवून, उजवा गाल पुढे करून तो तिचं ऐकत होता. काय ही ऐट, तिला वाटलं. सरळ बघून ऐकलं तर काय बिघडतं?

"तुम्हाला दुसरा कशाला हवा?" त्याने विचारलं.

आणि तिने सांगून टाकलं. बाबांचे कमरेएवढे स्पीकर आहेत, मागे दोन-दोन जोड्या वायरी लावायची सोय असलेले. बाबा म्हणायचे, एकट्या अ‍ॅम्प्लिफायरनेच खर्जही ओढायचा आणि टीपही गाठायची, दमतो गं बिचारा. खर्जाला एक हवा, टिपेला एक. दुसरा मिळायच्या आतच बाबा गेले. तेव्हापासून आईने स्पीकरवर चादर टाकलीय. रोज चादर झटकते, पण बटणाला हात लावत नाही.

"एकदा… त्यांना हवं होतं तसं वाजवायचंय," ती म्हणाली, आणि जीभ चावली. अनोळखी माणसाला काय हे सांगत बसलो आपण!

त्याने हळूच हात काढून घेतला.

"न्या. हे बरं केलंत, जोडी सारखी शोधलीत. लोक नुसते वॉट बघून हुरळतात. एक चढला आणि दुसरा मागे राहिला, तर खर्ज घर डोक्यावर घेतो आणि टीप रुसून बसते. पण लावताना मला बोलवा."

"मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर नंबर काढते. चार वायरी जोडायला मला कोण कशाला हवं?"

"डोळ्यांचं तुम्ही बघा, कानाचं मी बघतो," तो म्हणाला, आणि आपला फोन नंबर मात्र देऊन गेला.

*

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगीच नाही. तिने चादर काढली, वायरी जोडल्या, बटण दाबलं. धप्प! जळका वास घरभर पसरला. आणि जळला कोण? नवा नव्हे. बाबांचा.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली, वास घेतला, आणि तशीच आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. लेक तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडली, आणि मग नाक पुसत त्याला फोन लावला.

तो आला. स्पीकरच्या मागे वाकला आणि दोन्ही जोड्यांना सांधणाऱ्या पितळी पट्ट्यांवर बोट ठेवलं.

"ह्या आधी काढायच्या असतात. नाहीतर दोन अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांच्याच अंगावर येतात."

"म्हणा ना, म्हणा! सांगितलं होतं म्हणा."

"नाही म्हणणार. रडलेल्या माणसाशी मी भांडत नाही. उद्या भांडू."

तिला रडता रडता हसू आलं. तिथेच कुठेतरी सुरुवात झाली असावी.

मग तो येतच राहिला. बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसायचा, पार्ट शोधायचा, मिळत नाही म्हणायचा, पुन्हा शोधायचा. येऊन कायम डाव्या टोकाच्या खुर्चीत बसायचा.

"तिथे काय सोनं पुरलंय?" ती चिडवायची.

"इथून तुम्ही सगळे… नीट दिसता," तो म्हणायचा. तिचे कान तापायचे, आणि आई दोघांकडे बघत बसायची.

एकदा त्याला सोडायला जिना उतरताना, त्याच्या डावीकडून, सगळा धीर गोळा करून तिने विचारलं, "उद्या… कुठेतरी जाऊ या? फक्त आपण?"

 तो तसाच पायऱ्या उतरत राहिला, छत्री उघडली, गेला.

जिव्हारी लागलं तिला. तिने फोन करणं सोडलं, त्याचे आले तेव्हा उचलले नाहीत. दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावताना तिलाच ती पुसट दिसायला लागली. आभाळ रोज भरलेलं, घर रोज गप्प.

आणि एका दुपारी तो दारात उभा. भिजलेला, हातात काळं खोकं. त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर.

"बाबांचा काही दुरुस्त होत नाही. म्हणून हा ठेवा. तुमची जोडी पुरी होईल."

"आणि तुमची?"

"माझा डावा कान गेलाय," तो म्हणाला. इतकं साधं, की तिला क्षणभर कळलंच नाही. "वर्षभर लपवलं. परवा थिएटरात डावीकडचा स्पीकर बंद पडला, सगळ्या प्रेक्षकांना कळलं, मला नाही. मीच राजीनामा दिला. ताईकडे जातोय, तिच्या गावी. एका कानाच्या माणसाला दोन बाजूंचा आवाज काय करायचाय?"

तिला ती खुर्ची आठवली. ती वळवलेली मान. तो जिना. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी बाई, आणि समोरचं एवढं दिसू नये? लाज वाटली तिला.

त्याने पट्ट्या काढल्या, तिच्या तळहातावर ठेवल्या, वायरी जोडल्या. मग गाणं लागलं. खर्ज जमिनीतून आल्यासारखा पायांना लागला, आणि टीप वर, मोकळी, कुठेही न कापता गेली. बाबांना हेच हवं होतं. दारात आई पदर तोंडाला लावून उभी होती.

तो मधोमध बसला होता, मान वळवून, उरलेल्या कानाने ऐकत. ती त्याच्या डावीकडे जाऊन बसली. मुद्दामच. ज्या कानाला ऐकू जाणार नाही, त्याच्याशी बोलणं सोपं असतं.

"जाऊ नका," ती पुटपुटली. "मला तुम्ही हवे आहात."

तो ऐकत राहिला… गाणं.

"अगं बाई," दारातून आई म्हणाली, "त्या कानाला काय सांगतेस? उठ, इकडून सांग!"

"काय म्हणाल्या आई?" त्याने गोंधळून विचारलं.

ती उठली. स्पीकरसमोरून, सगळ्यांदेखत, त्याच्या उजवीकडे आली. 

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

 त्याने मान खाली घातली. "हाही कान जाईल कदाचित. डॉक्टर काही खात्री देत नाहीत. तुला नुसतं ओरडत बसावं लागेल."

"ओरडेन. तू आधी एवढं तर ऐक."

गाण्याच्या आवाजात पुढचं नीट ऐकू येत नव्हतं. तेव्हा आई पुढे आली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या बटणाला हात लावून तिने आवाज कमी केला.