धुळाजींच्या खाटेवरची चादर

"बंब चालू झाला की उठून भाईर जायचं, रामकिसन. निजलेला माणूस धूर जास्त पितो."

धुळाजी ड्रायव्हर हे रोज सांगायचे. शेवटी खोकल्यानं त्यांनाच नेलं.

ही हकिकत माझ्या धाकट्या भावाची, रामकिसनची. देवापुढं दिवा लावून लिहिते आहे, पदरचं काही घालणार नाही. साल २०१३, दुष्काळाचं. ठिकाण केजकडच्या एका सहकारी साखर कारखान्याची फायर शेड, म्हणजे आगीचा बंब ठेवायची जागा; रामकिसन तिथं फायरमन.

विहिरी कोरड्या. भरलेली होती ती फक्त बंबाची टाकी. लोकांनी पाणी नेऊ नये म्हणून कारखान्याच्या सुंदरराव साहेबांचा हुकूम होता... आग लागल्याशिवाय शेडचं शटर वर करायचं नाही, ये-जा मागच्या लहान दारानं.

रोज पहाटे साडेपाचला बबनराव ड्रायव्हर पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. नाहीतर बॅटरी उतरायची, ब्रेकची हवा जायची. जुनं इंजिन, नुसती काजळी ओकायचं. आणि त्याच बंद शेडमध्ये, बंबाच्या मागं, तीन खाटा.

धुळाजींचा तेरावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. संकष्टी होती.

आदल्या दिवशी चाऱ्याची पेटलेली गंज विझवून रामकिसन मोडून गेला होता. इंजिन चालू झालं. त्याला ऐकू आलं.

तो उठला नाही.

मग... कुणीतरी खोकलं.

धुळाजींच्या खाटेवर.

पुन्हा खोकलं. खाट करकरली. इंजिन बंद झालं आणि सगळं गप्प.

रामकिसननं डोळे उघडले. खाट रिकामी होती.

धुळाजींची चादर अजून तशीच अंथरलेली. तिच्यावर काजळी बसली होती. पण मधोमध...

पांढरं.

डोकं. खांदा. पोटाशी घेतलेले पाय. धुळाजी निजायचे, अगदी तसं.

"बबनराव, हितं कोन निजलतं?"

"कोन निजंल? मी तर बंबात बसलतो."

रामकिसन वळला. आपल्या खाटेकडं बघितलं.

त्याची चादर उशापासून पायथ्यापर्यंत काळी होती. एक डाग पांढरा नाही.

जणू तिथं कुणी निजलंच नव्हतं.

त्यानं छातीवर हात ठेवला. ठोके लागले. मग त्याला भीती नाही, राग आला. त्यानं दोन्ही हातांनी शटर वर ढकललं.

आवाजानं सुंदरराव धावत आले. "कुनाला इचारून वर केलं बे?"

"कुनालाच न्हाई."

"पानी गेलं मंजी?"

"पानी हाय तितंच हाय, साहेब. धुळाजी गेले."

"म्हातारा बिड्या ओढत आसंल."

"माळकरी होते. सुपारीला बी शिवले न्हाईत."

बबनराव शटरखाली येऊन उभे राहिले. "उद्यापासून बंब भाईर काढूनच चालू करनार. पटत नसंल तर तुमी त्या खाटंवर निजा, साहेब. मग लावतो शटर."

"मंगळवारी संचालक मंडळाची बैठक हाय," सुंदरराव म्हणाले. "तितं बघू कुनाची नोकरी ऱ्हाती."

दुपारी धुळाजींच्या बायको, भिवराबाई, आल्या. पांढऱ्या जागेवरून हात फिरवत राहिल्या. रडल्या नाहीत.

"धुवू नको. मंडळाच्या म्होरं आंथर. म्हनावं, ह्यो मानूस बगा."

"आंथरतो, काकू."

दुसऱ्या दिवसापासून बंब बाहेरच चालू झाला. शेडमध्ये धूर उरला नाही. त्या खाटेला कुणी हात लावला नाही.

तरी सोमवारी पहाटे...

चादरीवरचे पोटाशी घेतलेले पाय सरळ झाले होते.

रामकिसनची चादर मी आंघोळीचं पाणी वाचवून दोनदा धुतली. काळी ती काळीच. जपाला बसले की तिच्याकडं पाठ करून बसते.

मंगळवारी त्यानं आंघोळ केली, शर्ट बदलला. धुळाजींच्या चादरीची हलक्या हातानं घडी घातली, झोपलेल्याला जाग येऊ नये तशी.

घडी काखेत धरली, आणि बैठकीसाठी ऑफिसच्या वाटेला लागला.